झोपेत त्यांना हलवून उठवू नका

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"ताई, आम्ही सातारा जिल्ह्यातले. आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. २४ वर्षं नोकरी करून २०१९ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले. मधे काश्मीरला आरआरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. आता शिरवळला एका कंपनीत सिक्युरिटीला आहेत, कायम रात्रपाळी. परवान्याची बारा बोरची बंदूक आहे, सुट्टीला घरीच असते. तीन-चार वर्षांपासून झोपेत ओरडतात. मागच्या महिन्यात मी खांद्याला हलवलं तर डोळे मिटलेलेच आणि माझा गळा धरला. भानावर आले तसे परसात जाऊन बसले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रोज रम लागते, कॅन्टीनचा कोटा संपला की गावातली. धाकटा २०१३ चा. त्याच्या वेळेला हे रजेवर आले होते, पण बारशालाही थांबले नाहीत. त्याच्या वाढदिवसाला आजही घरात नसतात. थोरला अग्निवीरच्या भरतीसाठी पहाटे पळायला जातो. त्यावरून मार्चमध्ये पिऊन ताट फेकून मारलं, पोराच्या कपाळाला चार टाके पडले. मध्ये चुलत दिरांनी विहिरीला सुरुंग लावले, तर हे धाकट्याला उचलून गोठ्यात गव्हाणीखाली आडवे पडले. गावातली पोरं अजून हसतात. यांचा काश्मीरमधला जोडीदार गेला तेव्हा हे तिथं नव्हते, घरी होते. त्याबद्दल कधी बोलत नाहीत. फक्त प्यायल्यावर म्हणतात, माझा नंबर तेव्हाच लागायला पाहिजे होता. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवऋष्याला दाखवू. भाऊ म्हणतो दारू बंद कर, सगळं नीट होईल. डॉक्टरचं नाव काढलं की 'मी काय येडा आहे का?' मलाही आता रात्र रात्र झोप नाही. माझं काही चुकतंय का?"

ताई,

नाही, तुमचं काही चुकत नाही. पण यापुढे त्यांना हात लावून उठवू नका. पायाच्या बाजूला, चार हात लांब, शक्यतो दाराजवळ उभं राहा. आधी दिवा लावा, मग हाक मारा. नाव घ्यायची सवय नसेल तर पल्टणीत त्यांना ज्या नावानं हाक मारायचे, त्या नावानं मारा. "तुम्ही घरी आहात, मी आहे, पोरं झोपलीत," एवढं पुरे. लगेच जवळ जाऊ नका, त्यांनाच उठून बसू द्या. काही दिवस वेगळं अंथरूण घातलंत तर संसार मोडला असं होत नाही. सासूबाईंना "यांना घाम येतो, मला थंडी वाजते" म्हणून सांगा आणि विषय संपवा. पोरांनाही हेच शिकवा, धाकट्याला आधी.

आता बंदूक. बाकीचं सगळं आठ-पंधरा दिवस मागेपुढे झालं तरी चालेल, हे चालणार नाही. जो माणूस रोज पितो, झोपत नाही आणि "माझा नंबर तेव्हाच लागायला हवा होता" म्हणतो, त्याच्या हाताशी बंदूक आणि काडतुसं असता कामा नयेत. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. असा विचार पुष्कळदा थोड्या वेळापुरता येतो, तेवढ्यात हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं. निवडणुकीत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात हे तुम्हाला माहीत आहे. एरवीही ती ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवता येतात. तुम्ही स्वतः ती उचलून कुठं लपवू नका, ते कायद्यातही बसत नाही आणि त्यावरून भांडण पेटेल ते वेगळंच. हे काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. ते कोणाच्या सांगण्यावरून होईल, ते पुढे लिहिते. तोवर निदान काडतुसं एकीकडे, बंदूक कुलपात आणि किल्ली दिरांकडे, एवढं तरी व्हावं.

आणि त्यांना थेट विचारा. प्यायलेले नसताना, शांत वेळ बघून: "तुम्ही तसं म्हणता तेव्हा जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून हलकं वाटतं. "हो" म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तुमचं ऐकेनासे झाले, प्रसंग हातघाईवर आला, तर ११२.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते एकत्र वाचलं की मनोविकारतज्ज्ञ सगळ्यात आधी पीटीएसडी आहे का ते तपासतील, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनात आणि शरीरात ठाण मांडून बसणारा आजार. झोपेत तेच तेच दिसणं, आवाजाला दचकणं, आठवण करून देणाऱ्या माणसांपासून आणि दिवसांपासून लांब पळणं, चिडचिड, आपण वाचलो याचाच अपराध वाटणं. महिनाभराहून जास्त टिकलं आणि घर-नोकरी बिघडवायला लागलं की तो आजार समजतात. प्रसंग डोळ्यांसमोर घडायला हवा असंही नाही. जिवाभावाचा माणूस असा गेल्याचं कळणं, एवढंही पुरतं.

तुम्ही विचाराल, मग नोकरीत असताना का नाही झालं? तेव्हा झालं नव्हतं असं आपण म्हणतोय. तिथं पहाटे उठायचं, पीटी, फॉलिन, ड्युटी, जेवण, सगळं घड्याळावर. शेजारच्या खाटेवरचाही दचकून उठतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आणि सांगणार कुणाला? फौजेत तब्येतीची प्रतवारी 'शेप' अक्षरांवर होते. त्यातला एस हा मनाचा. तो खाली गेला की माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो, प्रमोशनवर टाच येते, पल्टणीत कुजबुज होते. नायब सुभेदारीची वाट बघणारा हवालदार पल्टणीच्या डॉक्टरसमोर "झोप लागत नाही" म्हणेल का? तो "सब ठीक है साब" म्हणतो आणि बाहेर येतो. २४ वर्षं हेच वाक्य म्हणलेला माणूस तुमच्यासमोर आज वेगळं बोलेल, ही अपेक्षा मला तरी जास्तीची वाटते. पेन्शनीत आल्यावर ते घड्याळ गेलं, शेजारची खाट गेली, आणि वरून मिळाली रात्रपाळी: अंधार, एकटेपणा आणि हातात बंदूक. ज्याचा मेंदू आधीच पहाऱ्यावरून उतरायला तयार नाही, त्याला आपण पगार देऊन पहाऱ्यावर बसवलंय. एजन्सी कुठलीही असो, दिवसपाळी मागून घ्या, बंदूक नसलेली जागा मागा. पगार थोडा कमी झाला तरी. उपचारांतला अर्धा भाग झोपेचा आहे आणि रात्रपाळीत झोप बसत नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात दोन वेगवेगळ्या जागी लिहिलीत. धाकटा झाला तेव्हा हे रजेवर आले होते आणि बारशालाही न थांबता गेले. आणि जोडीदार गेला तेव्हा हे घरी होते. मला तारखा माहीत नाहीत, तुम्हाला असतील. ती एकच रजा असेल, तर धाकट्याच्या वाढदिवसाला हे घरात का थांबत नाहीत, याचं उत्तर कदाचित तिथं आहे. पोराचा राग नाही. पोराकडे बघितलं की दुसऱ्या कुणाची तरी तारीख समोर येत असेल. आणि सुरुंग उडाला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा उचललं कुणाला, ते आठवा. गव्हाणीखाली ते एकटे शिरले नाहीत. गावातली पोरं हसतात त्यांना हसू द्या, पण धाकट्याला एकदा नीट सांगा की बाबांनी त्या दिवशी त्याच्या अंगावर आपलं अंग घातलं होतं. त्यांना मात्र "मला कळलं तुमचं काय आहे ते" असं चुकूनही म्हणू नका. ही गाठ सोडवायचं काम शिकलेल्या माणसाचं आहे. आपण घाईनं ओढली तर ती जास्त आवळते. त्यांना बोलतं करायच्या मागे लागू नका. "मनातलं सांगा, मोकळं होईल" हे आपल्याकडे प्रत्येकजण सांगतो, पण अशा आजारात जबरदस्तीनं आठवायला लावलं तर त्रास वाढू शकतो.

मग डॉक्टरपर्यंत न्यायचं कसं? झोपेच्या निमित्तानं. "येडा" या शब्दाला त्यांची हरकत आहे, झोपेला नाही. झोप, बीपी, साखर, लिव्हर. सगळं खरंच तपासायचं आहे, त्यामुळे यात खोटं काही नाही. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून चालू आहे, तुम्हा दोघांची कार्डं असतीलच. साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये मेडिकल ऑफिसरला झोपेची तक्रार सांगा आणि मनोविकार विभागाचं रेफरल मागा. तिथून पॅनलवरच्या हॉस्पिटलला नाहीतर पुण्याला वानवडीच्या कमांड हॉस्पिटलला पाठवतात. फौजी डॉक्टरसमोर फौजी माणूस सहसा जरा लवकर उलगडतो. "आरआरमध्ये होतो" म्हणल्यावर समोरच्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

दवाखान्यात जाताना एक काम करून जा. घरात कालनिर्णय असेल. दुधाचा, गॅसचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात रोज दोन-तीन अक्षरं लिहा: किती वाजता झोपले, ओरडले का, किती प्यायले. तीन आठवड्यांचं पान फाडून डॉक्टरच्या हातात द्या. समोर बसल्यावर हे "सब ठीक है" म्हणणारच आहेत, तेव्हा ते पान बोलेल. डॉक्टरला एकटीनं पाच मिनिटं भेटायचं म्हणालात तरी चालतं. गळा धरल्याचं, बंदुकीचं, त्या वाक्याचं तिथं सांगा, लाजू नका.

सोबत कुणाला न्यायचं, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. तुम्ही एकट्या नको, भाऊ तर मुळीच नको. गावात किंवा शेजारच्या गावात त्यांच्याच पल्टणीचे कुणी सुभेदार साहेब असतील, ज्यांच्यासमोर हे आजही बसलेले उठून उभे राहतात. त्यांच्याकडे जा, सगळं सांगा. फक्त आधी खात्री करून घ्या की संध्याकाळच्या बैठकीतले तेच भिडू नाहीत. साहेबांनी भाषण द्यायचं नाही. "मलाही झोपेचा त्रास आहे, चल, दोघं दाखवून येऊ, आणि तुझी ती बंदूक परवा ठाण्यात ठेवून येऊ," एवढंच म्हणायचं. बायकोनं सांगितलं तर ते रडगाणं, सिनियरनं सांगितलं तर ती ऑर्डर. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण चालतं असंच.

त्यांच्या मनात दोन भीती असतील, विचारणार नाहीत म्हणून इथंच लिहिते. उपचार घेतले म्हणून मिळत असलेली पेन्शन बंद होत नाही. आणि डॉक्टरनं त्यांची माहिती गावात किंवा कंपनीत सांगणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मना आहे. बंदुकीचा परवाना मात्र अडचणीत येऊ शकतो, ते मी लपवत नाही. ती नोकरी सुटली तर सुटली. हा आजार फौजेतल्या नोकरीमुळे झाला असं निदान झालं, तर अपंगत्व पेन्शनचा दावा करता येतो का, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. ते काम लांबतं, कागद खूप लागतात, म्हणून उपचार त्यासाठी अडवून ठेवू नका.

तुमच्या भावाच्या सल्ल्याबद्दल थोडं कडक लिहिते. रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात दारू सोडणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, नसलेलं दिसायला लागतं. त्यामुळे बाटल्या फोडू नका, कोंडून घालू नका. दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवायची असते, गरज पडली तर भरती करून. आणि कुणी चहातून गुपचूप द्यायची पावडर आणून देईल, ती हातातही घेऊ नका. त्यातल्या काही औषधांवर माणूस प्यायला तर जीव जाऊ शकतो. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्याही तशाच, रमवर तर विषच. हे रम मजेसाठी पीत नाहीत, झोप यावी म्हणून पितात असं तुमच्या पत्रावरून दिसतं. पण दारूनं लागलेली झोप मध्यरात्रीनंतर तुटते आणि वाईट स्वप्नं नेमकी तेव्हाच गाठतात. दोन्ही दुखण्यांवर एकदमच उपचार लागतील.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा मुलगा आहे, त्यांना काहीतरी करायचंय. जोतिबाला, खंडोबाला, जिथं जायचं तिथं जाऊन या, अंगारा लावा, त्यानं काही बिघडत नाही. पण भूत उतरवतो म्हणून कुणी मारलं, चटके दिले, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि दचकून उठणाऱ्या फौजीला मिरचीची धुरी देऊन बडवायला जाणाऱ्या देवऋष्याचं काय होईल, तो विचार वेगळाच. सासूबाईंना सांगा, हे बाहेरचं असेल तर ते फार जुनं आणि जगभरचं आहे. पहिल्या महायुद्धात तोफखान्याच्या माऱ्यातून परतलेले गोरे सोल्जर असेच थरथरायचे, बोलणं विसरायचे. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं त्यावर 'शेल शॉक' म्हणून लेख लिहिला. आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावानं त्याच युद्धात ४६ माणसं गमावली, त्यांचं स्मारक तिथं आहे. जे जिवंत परतले आणि उरलेलं आयुष्य ओसरीवर गप्प बसून काढलं, त्यांचा आकडा कुठल्या दगडावर कोरलेला नाही. २६ जानेवारीला फेटा बांधून पुढच्या खुर्चीत बसवायचं आणि महिनाभरानं त्याच माणसाच्या चालण्याची पारावर नक्कल करायची, ही आपली रीत. माझा राग यावर आहे, सासूबाईंवर नाही. पोलिसांच्या, एसआरपीच्या, अग्निशमनच्या घरांतूनही मला अशीच पत्रं येतात, फक्त वर्दीचा रंग वेगळा असतो.

उपचारांबद्दल थोडक्यात. आघातावर काम करणारी बोलण्याची खास पद्धत असते, साधारण आठ ते बारा बैठका, काहींना जास्त. असं काम करणारे मानसशास्त्रज्ञ साताऱ्यापेक्षा पुण्यात सहज मिळतील. सोबत डॉक्टर सर्ट्रालीनसारखी गोळी देऊ शकतात. तिची चटक लागत नाही, पण गुण यायला तीन-चार आठवडे तरी लागतात आणि बरं वाटल्यावरही ती बरेच महिने चालू ठेवावी लागते. सुरुवातीला मळमळ होते, काहींची शरीरसंबंधाची इच्छा कमी होते. पुरुष हे कुणाला सांगत नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात आणि मग "औषधानं काही होत नाही" म्हणतात. तसं झालं तर डॉक्टरला सांगा, औषध बदलता येतं. पुष्कळ फौजी यातून सावरतात, आठवण पुसली जात नाही पण तिच्यासोबत झोप लागते.

मार्चमधल्या ताटाबद्दल मला वेगळं लिहायचंय. झोपेत गळा धरणं एक, आणि जागेपणी, पिऊन, पोराच्या कपाळावर ताट मारणं दुसरं. दोन्हींच्या मुळाशी आजार असेल, पण दुसऱ्याला तुम्ही पदर घालायचा नाही. पिऊन आवाज चढला की पोरांना घेऊन दिरांकडे निघून जायचं, हे आज ठरवून ठेवा, पोरांनाही सांगून ठेवा. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे. तो लावला म्हणजे नवऱ्यावर केस टाकली असं नाही. थोरल्याला सांगा, पळणं चालू ठेव, पण बाप समोर असताना भरतीचा विषय सध्या नको. बापानं ताट मारलं ते पोराला की भरतीला, हे मला पत्रावरून कळत नाही. उपचार सुरू होऊन काही महिने गेले की त्यानं एकट्यानं, गच्चीवर नाहीतर वावरात, बापाला विचारावं: "मी जाऊ नये असं तुम्हाला का वाटतं?" तोवर त्याच्या टाक्यांबद्दल बापानं माफी मागितली पाहिजे. ती कशी मागायची, हे बैठकांमध्ये ठरेल.

उरलात तुम्ही. आज रात्रीच, हे ड्युटीवर गेले की, १४४१६ लावा. टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, २०२३ च्या डिसेंबरात फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्यांचा वेगळा कक्षही सुरू झाला, त्याची चौकशी त्याच फोनवर करा. त्यांनी बोलायची वाट बघू नका, तुम्ही तुमच्यासाठी लावा. आणि पॉलिक्लिनिकला जाल त्या दिवशी दोन्ही कार्डं घेऊन जा, स्वतःच्या नावाचाही नंबर लावा आणि डॉक्टरला सांगा की मलाही झोप येत नाही.